बऱ्याच वर्षांनी पुन्हा स्केटबोर्डिंग सुरू करायचं आहे, कोणता सेटअप घ्यावा?

तुमचा प्रश्न मी असा समजलो: वय चाळिशीच्या आसपास. कॉलेजात असताना साडेसात इंची डेकवर (डेक म्हणजे उभं राहायची लाकडी फळी) ऑली, किकफ्लिप अशा उड्या मारत होतात, मग सगळं सुटलं. आता परत सुरू करायचंय. बराचसा वेळ खडबडीत रस्त्यावर फिरण्यात जाईल, अधूनमधून स्केटपार्कमध्ये जायचा विचार आहे. जुने ट्रक, म्हणजे डेकखालचे चाकांचा ॲक्सल धरणारे धातूचे भाग, जपून ठेवलेत, ते चालतील का हेही विचारलंय.

आधी थेट उत्तर देतो. ८.५ इंची डेक, त्याच रुंदीचे ट्रक, ५६ मिलिमीटरची मऊ चाकं, डेकखाली १/८ इंची रायझर पॅड (उंची वाढवणारी पट्टी) आणि तुमच्या वजनाला साजेशी बुशिंग्ज (ट्रकमधल्या रबरासारख्या कड्या). मात्र खरेदी करताना हा क्रम उलटा करा. बहुतेक जण आधी डेक पसंत करतात, कारण चित्र डेकवर असतं आणि दुकानात भिंतीवर तोच टांगलेला असतो. खरं तर डेक हा बोर्डाचा सगळ्यात लवकर संपणारा भाग. टेल, म्हणजे मागचं टोक, घासते, लाकूड मऊ पडतं, नवा घ्यावाच लागतो. मोठेपणी परत येणाऱ्या माणसाने चाकांपासून सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. उद्या पुन्हा बोर्ड घेऊन बाहेर पडावंसं वाटेल की नाही, हे चाकं ठरवतात.

तुमच्या आठवणीतली चाकं बहुधा ५२ मिमीच्या आसपासची आणि कडक असतील. कडकपणा ड्युरोमीटरच्या ‘ए’ पट्टीवर मोजतात, आकडा मोठा तितकं चाक कडक, आणि स्ट्रीट आणि पार्कसाठीची चाकं साधारण ९९ए ते १०१ए अशी येतात. (काही चाकांवर ८४बी असा आकडा दिसेल. ती ‘बी’ पट्टी. त्यात वीस मिळवले की ‘ए’चा अंदाज येतो, म्हणजे ही चाकं फारच कडक.) गुळगुळीत काँक्रीटवर अशी चाकं अप्रतिम चालतात. वेग टिकतो, हवं तेव्हा घसरवता येतात, ऑली मारताना बोर्ड हलका लागतो. पण खडबडीत डांबरावर प्रत्येक खडीचा धक्का त्यांतून सरळ टाचेपर्यंत येतो, दोन पुशनंतर वेग मरतो, आणि हरभऱ्याएवढा खडा आडवा आला की चाक जागीच अडतं. बोर्ड थांबतो, माणूस थांबत नाही. विशीत आपण हात टेकून उठायचो आणि पुढे जायचो. चाळिशीत तसं पडणं महिनाभर मनगटात राहतं.

मोठं चाक खड्यावर चढून जातं, मऊ चाक त्याला थोडं पोटात घेतं. दोन्ही एकत्र हवं असेल तर ५४ ते ६० मिमी आणि ७८ए ते ८५ए या पट्ट्यात शोधा. रस्ता जास्त आणि पार्क कमी असं तुमचं गणित असल्यामुळे मी ५६ मिमी, ७८ए किंवा ८०ए म्हणेन. तोटेही सांगतो. अशी चाकं जड असतात, बोर्ड जमिनीपासून उंच उठतो, आणि पार्कच्या गुळगुळीत उतारावर ती चिकटून चालतात, आडवी घसरत नाहीत. अलीकडे मधल्या कडकपणाची चाकंही निघाली आहेत. पॉवेल-पेराल्टाची ड्रॅगन फॉर्म्युला ९३ए आहे, खडबडीत जागेवरही घसरवता यावीत अशा हिशेबाने बनवलेली. एकाच संचात दोन्हीकडचं भागवायचं असेल तर तिकडे बघा. पण माझा अनुभव असा, की दोन संच ठेवणं जास्त सुखाचं. चार नट सोडले की चाकं बदलतात, दहा मिनिटांचं काम. आधी मऊ घ्या. पार्कची गोडी लागली की ५४ मिमी, ९९ए असा दुसरा संच.

चाकं मोठी झाली की एक धोका वाढतो, व्हीलबाइट. वळताना कललेला डेक चाकाला टेकतो, चाक जॅम होतं, आणि आपण पुढे फेकले जातो. म्हणून ५६ मिमी किंवा त्याहून मोठ्या चाकांना १/८ इंची रायझर पॅड ट्रक आणि डेक यांच्यामध्ये घालायचा. मग नेहमीचे एक इंची बोल्ट अपुरे पडतात, सव्वा इंची घ्या. ही गोष्ट विकत घेतानाच लक्षात ठेवा, नाहीतर घरी सगळं मांडून बसल्यावर नट धरायला आटेच उरत नाहीत.

आता डेक. साडेसातचा काळ गेला. आज ८ ते ८.५ ही सर्वसाधारण रुंदी आहे, आणि तुमच्यासाठी रुंद बाजूच बरी. बूट मोठ्या मापाचा असेल किंवा वजन ऐंशी किलोच्या पुढे असेल तर ८.५, नाहीतर ८.२५. रुंद डेकवर पाय नेमका कुठे पडला याची चूक खपते. किकफ्लिप थोडी सावकाश फिरेल, हे खरं आहे. पण पहिल्या महिन्यांत तुम्हाला हवं आहे ते पायाखालचं स्थैर्य. लांबी ३२ इंचांच्या आसपास असतेच, तिच्यात अडकू नका. त्यापेक्षा व्हीलबेस बघा, म्हणजे दोन ट्रकांच्या आतल्या भोकांमधलं अंतर. ते १४ इंच असेल तर बोर्ड चटकन वळतो, १४.५ असेल तर वेगात शांत राहतो. उंच माणसाने साडेचौदा घ्यावा. लाकूड सात थरांचं मेपल, बहुतेक सगळ्या चांगल्या डेकचं तेच. कॉन्केव्ह, म्हणजे कडांचा वर उचललेला बाक, सौम्य घ्या. तासभर उभं राहिल्यावर पायाला फरक कळतो.

ट्रक निवडताना नियम एकच: ॲक्सलची रुंदी डेकच्या रुंदीएवढी हवी, फरक पाव इंचाच्या आत. कंपन्या ट्रकवर जे आकडे छापतात त्यांनी गोंधळ होतो, कारण ते डेकचे इंच नसतात. इंडिपेंडंटचा १४९ हा ८.५ इंची ॲक्सलचा, १४४ हा ८.२५चा, १३९ हा ८चा. दुसऱ्या कंपनीचा १४९ असाच असेल असं धरू नका, ॲक्सलचं माप वाचा. इंडिपेंडंट, थंडर, व्हेंचर, एस, यांतला कुठलाही ट्रक तुम्हाला वर्षानुवर्षं पुरेल. उंचीत ‘लो’ मात्र टाळा, मोठ्या चाकांना जागा लागते.

परत येणारी माणसं एका भागाकडे हमखास दुर्लक्ष करतात, बुशिंग्जकडे. ट्रकच्या किंगपिनवर, म्हणजे मधल्या जाड बोल्टवर, असलेल्या त्या दोन रबरासारख्या कड्या. बोर्ड किती सहज वळेल, वळून किती लवकर मधे येईल, सगळं त्यांच्या हातात. कारखान्यातून त्या साधारण ९०ए कडकपणाच्या येतात, म्हणजे मध्यम. तुमचं वजन कॉलेजात साठ होतं आणि आता पंच्याऐंशी असेल, तर त्याच बुशिंगवर बोर्ड डुगडुगतो. उतारावर तर पुढचा ट्रक थरथरायला लागतो. मग माणूस पाना घेतो आणि किंगपिनचा नट आवळत सुटतो. बोर्ड वळेनासा होतो, बुशिंग चेपून कडेने फाटतं, आणि ‘आपल्याला आता जमत नाही’ असं वाटायला लागतं. दोष तुमच्यात नसतो. ऐंशी-पंच्याऐंशी किलोला ९४ए-९६ए लावा, साठ-पासष्टला ८५ए-८८ए पुरे. बोर्डातल्या सगळ्यात स्वस्त भागांपैकी हा एक आहे, आणि याच्याएवढा फरक दुसऱ्या कशानेही पडत नाही.

नट किती आवळायचा ते असं बघा. आधी नटाचा माथा किंगपिनच्या टोकाशी सपाट येईल एवढाच फिरवा. बोर्ड गवतावर किंवा गालिच्यावर ठेवून दोन्ही पायांनी उभे राहा. टाचांवर भार द्या, मग चवड्यांवर. डेक दोन्हीकडे सारखा कलायला हवा, आणि भार काढल्यावर स्वतःहून मधे यायला हवा. पूर्ण कललेला असताना कुणाला तरी खाली वाकून चाक आणि डेक यांच्यातली फट बघायला सांगा. फट उरत नसेल तर नट पाव फेरा आवळा, पुन्हा उभे राहा. नवी बुशिंग्ज सुरुवातीला ताठ असतात, काही दिवस चालवल्यावर सैलावतात, तेव्हा पुन्हा पाव फेरा.

बेअरिंगवर फार खर्च करू नका. सगळी ६०८ याच मापाची: भोक ८ मिमी, बाहेरचा व्यास २२, जाडी ७. डब्यावर एबेक ५, ७, ९ असे आकडे मोठ्या अक्षरांत असतात. ते घडणीच्या अचूकतेबद्दल आहेत, यंत्रांमधल्या प्रचंड वेगासाठी ठरवलेले. ताशी २० किलोमीटर वेगाने जाताना ५६ मिमीचं चाक मिनिटाला साधारण १,९०० फेरे मारतं. त्या वेगाला एबेक ३ आणि ९ यांतला फरक जाणवणार नाही. बोन्स रेड्स किंवा त्या तोडीची कुठलीही चालतील. पावसात मात्र बोर्ड काढू नका. बेअरिंग गंजतात, ते धुऊन एखादवेळी वाचतीलही, पण पाणी प्यालेल्या डेकमध्ये तो कडकपणा परत येत नाही. आणि ॲक्सलचा नट पूर्ण आवळून अर्धा फेरा मागे घ्या. चाक बोटाने हलवल्यावर किंचित खुळखुळलं पाहिजे.

तयार जोडलेला बोर्ड घेऊ का, हा प्रश्न पुढे पडेलच. स्केटबोर्डच्याच कंपनीचा असेल तर खुशाल घ्या, भाग ठीक असतात. पण त्याला बहुधा ५२ मिमीची कडक चाकं आणि मध्यम बुशिंग्ज असतील. म्हणजे तुमच्यासाठी जे दोन भाग सगळ्यात महत्त्वाचे, तेच बदलावे लागतील. खेळण्यांच्या दुकानातला, प्लास्टिकच्या ट्रकचा बोर्ड घेऊ नका. तो मोठ्या माणसाच्या वजनासाठी बनलेलाच नसतो.

स्वतः जोडणार असाल तर ग्रिप टेप, म्हणजे डेकवर चिकटवायचा खरखरीत कागद, लावायला घाबरू नका. मधून बाहेरच्या दिशेने दाबत जा, म्हणजे हवा अडकत नाही. मग स्क्रूड्रायव्हरच्या दांड्याने किंवा कानशीने डेकच्या कडेवरून टेप घासा. कडेभोवती पांढरी रेघ उमटते. ब्लेड त्या रेघेवरून, किंचित आत कललेलं धरून फिरवा, टेप एकसंध उतरते. बोल्टांची भोकं खालून टोचून घ्या.

सेटअपमध्ये मी हेल्मेट आणि मनगटाचे गार्डही धरतो. हेल्मेट एएसटीएम एफ१४९२ या मानकाचं बघा, तो स्केटबोर्डिंगसाठीचा आहे. परत येणाऱ्यांना मनगटाचे गार्ड खास लागतात, कारण पडताना हात आपोआप पुढे जातो, आणि गुडघ्यावर किंवा खांद्यावर पडण्याची जुनी सवय अंगातून गेलेली असते. पार्कमध्ये रॅम्पवर जाणार असाल तर कडक वाटीचे नीपॅड घ्या, त्यांच्यावर घसरत खाली येता येतं. हे सगळं घातलं की लोक काय म्हणतील हा विचार मनात येतो, माझ्याही आला होता. पार्कमधली पोरं बघतसुद्धा नाहीत. स्केटबोर्डर अँडी मॅकडोनल्ड २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पार्क प्रकारात उतरला तेव्हा ५१ वर्षांचा होता, आणि हेल्मेट, नीपॅड घालूनच उतरला होता. बूट सपाट तळाचे हवेत, आणि जाड कपसोलचे, म्हणजे वाटीसारख्या जाड रबरी तळाचे, घ्या. पातळ तळाच्या बुटात बोर्ड चांगला जाणवतो, पण टाच जपायची असेल तर जाडच बरा.

राहिले तुमचे जुने ट्रक. साडेसात इंची डेकसाठी घेतलेले असतील तर त्यांचा ॲक्सलही तेवढाच असणार. ते ८.५च्या डेकखाली लावले की चाकं दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच आत बसतील, आणि कडेवर पाय पडला की बोर्ड उलटायला बघेल. मोठ्या डेकसाठी नको. तरी फेकू नका. तुमच्या काळातल्या ट्रकची भोकं आजच्या डेकशी जुळतात. बेसप्लेटला (डेकला बसणाऱ्या तळाला) चीर नाही ना, ॲक्सल वाकलेला नाही ना, एवढं तपासा. चाक लावून सावकाश फिरवा. चाकाची आतली कड सगळीकडे हँगरपासून (ॲक्सल धरणाऱ्या भागापासून) सारख्याच अंतरावर राहिली पाहिजे, आणि सपाट फरशीवर चारही चाकं पूर्ण टेकली पाहिजेत. बुशिंग्ज इतक्या वर्षांत दगड झालेली असतील, ती बदलाच. मग ७.५ ते ७.७५चा डेक आणून त्यावर बसवा. घरात कुणी लहान असेल तर त्यांच्या पायाला ते माप नीट बसतं.