ऑटिझमची उत्क्रांती अभ्यासायची, तर सुरुवात कुठून?

प्रश्न: मी मानसशास्त्राच्या पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे. माझा धाकटा भाऊ ऑटिस्टिक आहे, मोजकेच शब्द बोलतो. एकट्याने रानात अन्न शोधणाऱ्या किंवा हत्यारं घडवण्यात रमणाऱ्या पूर्वजांमुळे ऑटिस्टिक मन उत्क्रांतीत टिकलं, असं वाचलं आणि भारावून गेले. यावरच संशोधन करायचं आहे. मानसशास्त्रच पुढे न्यावं की मानववंशशास्त्राकडे वळावं? गणित जमतं, पण आवडत नाही.

उत्तर: तुझं शेवटचं वाक्य आधी घेऊ. इथे गणित म्हणजे मुख्यतः संख्याशास्त्र. ते टाळून या विषयात शिरता येतं, पण मग दुसऱ्यांच्या गृहीतकांवर मत देण्यापलीकडे फारसं काही करता येत नाही. असं का, हे कळण्यासाठी थोडं विषयातच उतरावं लागेल.

एकट्या अन्नशोधकाची कल्पना जॅरेड रीसर यांनी 2011 मध्ये मांडली. मानसशास्त्रज्ञ सायमन बॅरन-कोहेन नियम आणि रचना शोधण्याच्या ओढीवर भर देतात. पेनी स्पायकिन्स यांच्या मते, एकमेकांना सांभाळून घेणाऱ्या मानवी गटांमध्ये बारकावे टिपणाऱ्या वेगळ्या मनालाही जागा आणि मान मिळाला. बर्नार्ड क्रेस्पी आणि ख्रिस्तोफर बॅडकॉक यांनी 2008 मध्ये वेगळाच सूर लावला: आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या काही जनुकांची गर्भात आणि बालपणी रस्सीखेच चालते, तिचं पारडं एका बाजूला झुकलं की ऑटिझम, दुसऱ्या बाजूला झुकलं की सायकोसिस, म्हणजे भास-भ्रमांमुळे वास्तवाशी नातं तुटण्याची अवस्था.

कल्पना एकाहून एक देखण्या आहेत, आणि हीच त्यांची अडचण आहे. हाडांवर ऑटिझमची खूण उमटत नाही. गुहाचित्रं कुणी काढली हे चित्रांवरून ठरत नाही. त्यामुळे निवाडा बहुतेक जनुकांच्याच दरबारात होतो.

तिथे पहिलीच गाठ अशी. जुळ्यांच्या आणि कुटुंबांच्या अभ्यासांतून ऑटिझमची आनुवंशिकता (लोकांमधल्या फरकांत जनुकांचा वाटा) 80 टक्क्यांच्या आसपास येते. पण स्वीडनमधल्या नोंदींवर आधारलेल्या, 2013 मध्ये आलेल्या अभ्यासात ऑटिस्टिक पुरुषांना इतरांच्या सुमारे पाव पटच मुलं झालेली दिसली. मग ही जनुकं गळून का पडली नाहीत? याचं एकच उत्तर शोधायला निघालं की घोळ सुरू होतो, कारण इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोठा परिणाम करणारी दुर्मिळ उत्परिवर्तनं बऱ्याचदा नव्यानेच घडलेली असतात. बीजपेशी सोडल्या तर आईवडिलांच्या इतर पेशींत ती नसतात आणि वडिलांच्या वयाबरोबर त्यांची संख्या वाढते. ती टिकण्यासाठी कुठलाही फायदा लागत नाही. जुनी गळतात, नवी घडतात. दुसरीकडे समाजात सर्रास आढळणारे, प्रत्येकी अगदी किरकोळ परिणामाचे हजारो जनुकीय फरक आहेत. त्यांच्यावर नैसर्गिक निवडीचा दाब इतका क्षीण असतो की ते पिढ्यान् पिढ्या राहू शकतात. शिवाय त्यांचा शैक्षणिक यशाशी संबंधित फरकांशी थोडा सकारात्मक मेळही दिसतो. 'फायदा होता म्हणून टिकलं' हा युक्तिवाद लागू पडलाच, तर या दुसऱ्या गटाला. कुठलंही गृहीतक वाचताना आधी विचार: हे कोणत्या गटाबद्दल बोलतंय? निम्मी गृहीतकं इथेच अडखळतात.

तिसरा प्रकार मला सर्वांत रंजक वाटतो. 16व्या गुणसूत्रावरचा 16पी11.2 हा तुकडा गळाला किंवा दुप्पट झाला, तर ऑटिझमची शक्यता वाढते. तो इतक्यांदा का तुटतो? कारण त्याच्या दोन्ही कडांना 'बोला2' या जनुकाच्या जवळपास सारख्या प्रती आहेत, त्यामुळे पेशीविभाजनाच्या वेळी चुकीची जोडणी होते. या जादा प्रती फक्त आपल्या प्रजातीत आहेत, सुमारे 2,82,000 वर्षांपूर्वीच्या, आणि त्यांच्यावर अनुकूल निवड झाल्याच्या खुणा आहेत. म्हणजे निवड झाली ती प्रतींची. ऑटिझमची वाढलेली शक्यता हा त्या सौद्यातला खर्च. शिकारी नाही, कारागीर नाही, तरी उत्क्रांतीची गोष्ट पुरी.

आता वाट. 'ऑटिझमची उत्क्रांती' नावाची नोकरी नसते. माणसं आपापल्या मूळ विषयातून इथे येतात: क्रेस्पी सामाजिक कीटकांच्या अभ्यासातून आले, बॅडकॉक समाजशास्त्रातून, स्पायकिन्स पुरातत्त्वातून. मानसशास्त्र सोडू नकोस. त्याला उपविषय म्हणून जनुकशास्त्र आणि संख्याशास्त्र जोड, आणि पदव्युत्तर पातळीवर पॉप्युलेशन जेनेटिक्स (लोकसमूहांतल्या जनुकांचा अभ्यास) किंवा बिहेवियरल जेनेटिक्स (वागणुकीतल्या जनुकांच्या वाट्याचा अभ्यास) घे. मानववंशशास्त्राचे एकदोन पेपर पुरेत.

गणिताची नावड खरी आहे का, हे सहा महिन्यांत तपासता येईल. आर ही संगणकभाषा शीक. मग सायकियाट्रिक जीनोमिक्स कन्सॉर्टियम या संशोधकांच्या गटाच्या संकेतस्थळावरून ऑटिझमचा 2019चा सारांश-डेटा (प्रत्येक जनुकीय फरकाचा ऑटिझमशी किती संबंध, याचे आकडे) मोफत उतरवून घे: 18,381 ऑटिस्टिक व्यक्ती आणि 27,969 तुलनेसाठीच्या व्यक्ती. एलडी स्कोअर रिग्रेशन ही संख्याशास्त्रीय पद्धत वापरून आनुवंशिकता काढ. लोकसंख्येतलं प्रमाण 1.2 टक्के धरलंस तर लायबिलिटी मापावर (म्हणजे ऑटिझमकडचा कल प्रत्येकात कमीजास्त असतो असं धरून) उत्तर 12 टक्क्यांच्या जवळ यायला हवं. 80 नाही, 12: या मापनात फक्त सर्रास आढळणारे फरक मोजले जातात.

चुका ठरलेल्या असतात. फाइलीत ऑड्स रेशो (दोन गटांतल्या शक्यतांचं गुणोत्तर) असेल तर 'परिणाम शून्य' म्हणजे 1; लॉगरिदम न घेता तो थेट परिणाम म्हणून वापरला की सगळं वाकडं. व्यक्तिसंख्येचा रकाना नसेल तर ती हाताने द्यावी लागते. एका फाइलीत जीनोमची जुनी आवृत्ती आणि दुसरीत नवी असेल, तर स्थानं जुळत नाहीत. आणि जनुकीय फरक एकमेकांशी कसे जोडलेले आहेत हे दाखवणारा संदर्भ नमुना वेगळ्या वंशसमूहाचा घेतलास, तर आकडा व्यवस्थित दिसतो पण खोटा असतो. वंशभेदांशी निगडित अशीच एक वेगळी चूक थोरामोठ्यांनाही भोवली आहे: युरोपीय लोकांच्या उंचीवर निवडीचा जबरदस्त दाब होता, असे निष्कर्ष गाजले. 2019 मध्ये दिसलं की त्यातला बराचसा भाग नमुन्यातल्या वंशभेदांमुळे फुगलेला होता. ऑटिझमच्या जनुकांवर अनुकूल निवड झाल्याचा दावा 2017 मध्ये आला आहे, तो वाचताना हे जवळ ठेव.

भावाबद्दल. ही बहुतेक गृहीतकं डोळ्यासमोर ठेवतात तो बोलका, कुशल, बहुधा पुरुष ऑटिस्टिक माणूस. मोजके शब्द बोलणारी व्यक्ती त्यांत क्वचितच दिसते. कोणती गृहीतकं तुझ्या भावासारख्यांना वगळतात, याची यादी करून ठेव, त्यातून प्रबंधाचा विषय निघू शकतो. भावाला मात्र नमुना करू नकोस. प्रवेशाच्या निवेदनात त्याचा उल्लेख एका वाक्यात कर, पुढचा परिच्छेद त्या 12 टक्क्यांवर लिही.