मुलाचं नाव सध्याच्या लाटेतलं नको असेल, तर काय बघावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा झालाय, वर्गात चौघांचं असतं तसलं नाव नको, पण कुणी कधी ऐकलंच नाही असंही नको. घरात चार नावांवर घोळ चालू आहे: रिवान, अधीश, अनिरुद्ध आणि माधव. त्यातलं 'माधव' आजोबांनी सुचवलंय आणि तुम्हाला ते फार जुनं वाटतंय.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. रोज हजेरी घेते, त्यामुळे नावांची लाट कशी येते आणि कशी ओसरते ते मला हजेरीपटावरच दिसतं.

बहुतेक आईवडील 'कुणाचंच नसलेलं नाव' शोधायला बसतात आणि तिथेच फसतात. खूप शोधून ते रिवान काढतात. नात्यात नाही, ओळखीत नाही, म्हणजे वेगळं झालं असं त्यांना वाटतं. मूल शाळेत येतं तेव्हा विहान, विवान, रेयान, कियान आणि इवान आधीच बाकांवर बसलेले असतात. प्रत्येकाचं नाव वेगळं, पण मी फळ्याकडे तोंड करून एकाला हाक मारली की तिघं 'हो बाई' म्हणतात. फॅशन एका नावाची क्वचित असते, ती नावाच्या शेवटच्या आवाजाची असते. सध्या 'आन' चालतंय आणि त्याच्या जोडीला 'आंश': रेयांश, दिव्यांश, वेदांश, प्रियांश. यादीत पहिल्यांदाच दिसलेलं नावसुद्धा या आवाजाचं असेल, तर ते लाटेतलंच समजा.

हे आजच सुरू झालेलं नाही. एके काळी घरोघरी दत्तात्रय, गजानन, पांडुरंग होते. मग सुरेश, रमेश, महेश, दिनेश, राजेश आले. पुढे संजय, विजय, अजय; त्यामागून संदीप, नितीन, सचिन; मग राहुल, रोहित, अमित, सुमित. 'सुरेशकाका' म्हटलं की माणूस न बघता वयाचा अंदाज येतो. ही सगळी नावं ठेवली गेली तेव्हा ताजी होती, त्या आईवडिलांनाही ती नव्या जमान्याचीच वाटली होती. नावात काही खोट नव्हती. एकाच वेळी फार जणांनी ठेवल्यामुळे त्यांच्यावर काळाचा शिक्का बसला.

अमेरिकेत सरकार दरवर्षी बाळांच्या नावांची आकडेवारी जाहीर करतं आणि ती 1880 पासूनची मिळते. त्या वर्षी शंभरातल्या आठ मुलग्यांचं नाव जॉन होतं. आज तिथे पहिल्या क्रमांकावरचं नावही शंभरात जेमतेम एका मुलाचं असतं. म्हणजे नावं खरोखरच विखुरली आहेत, तरी शिक्षकांच्या कानाला सगळं सारखंच लागतं. कारण मधल्या काळात एडन, जेडन, ब्रेडन, केडन अशी रांगच लागली. आपल्या विहान-कियानच्या रांगेशी हे किती जुळतं बघा, शेवटचं अक्षरसुद्धा तेच.

दुसरी गोष्ट वेगाची. जोना बर्जर आणि गेल ल मेन्स या दोन अभ्यासकांनी फ्रान्स आणि अमेरिकेतली शंभराहून अधिक वर्षांची नावं तपासली आणि 2009 मध्ये निष्कर्ष मांडला: जे नाव झपाट्याने वर चढतं, ते तितक्याच झपाट्याने टाकलंही जातं. सावकाश चढलेली नावं टिकतात. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण त्यामुळे तुमचा प्रश्नच थोडा बदलतो. 'किती जणांचं आहे' यापेक्षा 'किती लवकर इतक्या जणांचं झालं' हे बघायला हवं. अनिकेत, समीर, निखिल ही नावं कितीतरी जणांची आहेत, पण ती कुठल्या एका वर्षात उसळून आली नाहीत. म्हणून ती ऐकताना कंटाळा येत नाही.

तेव्हा असं नाव शोधा, जे तुम्हाला तीन वेगवेगळ्या वयांच्या माणसांचं माहीत आहे. एक साठीतला, एक तिशीतला, एक शाळकरी मुलगा. तीनही सापडले, तर ते नाव लाटेवर नाही. केशव, राघव, आनंद, चैतन्य, शेखर, जयंत, सारंग, श्रीरंग ही अशी काही. आणि जुन्यात बघायचं असेल तर वडील-काकांच्या पिढीत न बघता आणखी मागे जा. आपल्या आईबापांच्या वयाची नावं आपल्याला नेहमी शिळी वाटतात, त्यांच्याही आधीची मात्र पुन्हा गोड वाटू लागतात. आज कुणी बाळाचं नाव दिनेश ठेवणार नाही, पण मुकुंद किंवा अनंत ठेवलं तर ऐकणारा 'वा, छान' म्हणतो.

अर्थासाठी मोबाईलवरच्या याद्यांवर विसंबू नका. शब्दकोश उघडा. 'आरव' म्हणजे शांत, असं या याद्या सांगत असतात. संस्कृतात 'रव' म्हणजे आवाज, आणि 'आरव' म्हणजे आवाज, गलका. 'रेयांश'चा अर्थ सूर्याचा अंश म्हणून दिलेला असतो. रवी आणि अंश यांची संधी केली तर 'रव्यंश' होतं. नाव कानाला आवडलं म्हणून ठेवायला माझी हरकत नाही. पण तो अर्थ पुढे मुलाच्या तोंडी जाणार आहे. माझ्याकडे 'माझ्या नावाचा अर्थ' असा उपक्रम असतो आणि मुलं तेव्हा किती अभिमानाने उभी राहतात ते मी बघते. त्यांच्या हाती खरी गोष्ट द्या.

मग नाव हाकेत घालून बघा, आणि इथे मात्र भरपूर वेळ द्या. मराठी मुलं कुठलंही नाव आठवड्याभरात मोडून 'या' लावतात. गणेशचा गण्या, समीरचा सम्या, चैतन्यचा चैत्या, विनायकचा विन्या. हे टळत नाही आणि त्यात प्रेमही असतं, तेव्हा मोडलेलं रूप आधीच म्हणून बघायचं. मुकुंद मला स्वतःला फार आवडतं, पण त्याचा 'मुक्या' होतो. एखाद्या अबोल मुलाला तो बोचू शकतो, म्हणून घरातच आधी 'मुकू' रुळवावं लागेल. तसंच नाव, वडिलांचं नाव, आडनाव एका दमात म्हणा. तिन्हीत जोडाक्षरं असतील तर जीभ अडखळते. आडनाव लांब असेल तर दोन-तीन अक्षरी नाव बरं, आडनाव आखूड असेल तर 'अनिरुद्ध', 'श्रीनिवास' अशी भारदस्त नावं शोभतात. दूरवरून ओरडून बघा, रागावून बघा, आणि पुढे 'सर' किंवा 'साहेब' लावूनही बघा. नाव बाळाला शोभलं पाहिजे तसं पन्नाशीतल्या माणसालाही शोभलं पाहिजे.

इंग्रजी स्पेलिंगमध्ये वेगळेपणा आणू नका, एवढंच त्याबद्दल सांगते. जादा घातलेलं एक अक्षर मुलाला प्रत्येक फॉर्मवर, प्रत्येक खिडकीपाशी आयुष्यभर समजावून सांगावं लागतं.

वेगळं नाव हवं या ओढीमागे बहुतेक वेळा 'हे नाव आमचं असावं' ही इच्छा असते. ती पुरी करायला दुर्मीळ नावाची गरज नसते. रमेश तेंडुलकरांनी संगीतकार सचिन देव बर्मन यांच्यावरून मुलाचं नाव सचिन ठेवलं. सुनील गावसकरांनी मुलाचं नाव रोहन जयविश्व ठेवलं. त्यात रोहन कन्हाय, जयसिंहा आणि विश्वनाथ हे त्यांचे तिन्ही आवडते खेळाडू आले. सचिन आणि रोहन ही नावं पुढे कितीही जणांची झाली, तरी त्या दोन घरांत ती त्यांचीच राहिली, कारण मागे त्यांचं स्वतःचं कारण होतं.

आता तुमच्या चार नावांबद्दल. रिवान मी सोडून देईन. त्याचं काय होणार ते वर सांगितलंच. अधीश म्हणजे स्वामी, राजा. अर्थ स्वच्छ आहे, पण समोरचा पहिल्यांदा 'आदेश' किंवा 'आशिष' ऐकतो, आणि नाव दोनदा सांगावं लागणं लहान मुलाला जड जातं. अनिरुद्ध म्हणजे ज्याला कुणी अडवू शकत नाही तो, श्रीकृष्णाचा नातू. प्रत्येक पिढीत थोडे अनिरुद्ध असतात, कधी त्यांचा पूर आलेला नाही. लिहिताना एक जपा: 'द्ध' मध्ये द आधी आणि ध नंतर येतो. पुष्कळ जण 'ध्द' लिहितात आणि तीच चूक दाखल्यावर उतरते, म्हणून जन्मनोंदणीच्या वेळी स्वतः वाचून बघा. दुसरी-तिसरीतली मुलं हे जोडाक्षर बिनचूक काढतात, त्याची काळजी नको.

आणि माधव. तुम्हाला ते जुनं वाटतं, कारण तुम्ही ते आजोबांच्या तोंडून ऐकलंत. तीन अक्षरं, एकही जोडाक्षर नाही, भारतातल्या कुठल्याही भाषेत सहज म्हणता येतं, मोडून 'माध्या' झालं तरी वाईट लागत नाही. शिवाय ते नाव सुचवणारा माणूस घरातच आहे. मुलाने 'माझं नाव हेच का?' विचारलं तर उत्तर द्यायला आजोबा आहेत. माझं मत माधवला. मन वळलं नाही तर अनिरुद्ध ठेवा. एकदा ठरल्यावर मात्र शेजारी कुणी तेच नाव ठेवलं म्हणून बदलू नका.