क्योतोच्या दरबारातली कविता वाचताना

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

क्योतोच्या दरबारातले कवी आणि त्यांचे आश्रयदाते यांवरच्या तुझ्या लेखाचा खर्डा मिळाला. टिपणं कष्टानं काढलेली दिसतात. पण पहिल्याच पानावर तू सरळ वाटणी करून टाकली आहेस: उमराव म्हणजे थैली सोडणारे, कवी म्हणजे त्यांची स्तुती गाणारे. शेला-पागोटं आणि बिदागी हे चित्र आपल्या डोळ्यांत इतकं बसलेलं आहे की ते नकळत जपानवरही चढवलं जातं. हेइआन काळातल्या (आठव्या शतकाअखेरपासून बाराव्यापर्यंत) क्योतोत, म्हणजे तेव्हाच्या राजधानीत, ते बसत नाही. तिथे आश्रय देणारा स्वतःच वाका, म्हणजे एकतीस मात्रांची छोटी जपानी कविता, रचायचा, आणि ज्याच्याकडून ती मागवायचा तो कवीही बहुधा दरबारातलाच कुठल्यातरी पायरीवरचा अधिकारी असायचा. त्याला हवी असायची बढती, राजवाड्याच्या आतल्या दालनात प्रवेश, किंवा सम्राटाच्या आज्ञेनं होणाऱ्या संग्रहात आपल्या कवितेला जागा. ९०५ साली अशा पहिल्या संग्रहाचं, ‘कोकिनशू’चं, संपादन ज्या चौघांवर सोपवलं गेलं ते सगळे खालच्या दर्जाचे अधिकारी होते. त्यांच्यातला त्सुरायुकी बड्या घरांच्या चित्रपडद्यांसाठी फर्माइशीवर शेकडो कविता लिहून देत असे. तेव्हा प्रत्येक कवितेपाशी थांबून एकच विचार: ती कोणी मागवली, आणि त्या बैठकीत कोण कुठल्या पायरीवर बसलं होतं?

यासाठी संग्रहांइतक्याच रोजनिशा वाच. सुरुवात फुजिवारा नो सानेसुके या दरबाऱ्याच्या ‘शोयुकी’ या रोजनिशीपासून कर. माणूस कुरकुऱ्या, पण नजर तीक्ष्ण. ९९९ साली मिचिनागा या दरबारातल्या सर्वांत प्रबळ मंत्र्यानं आपली लेक शोशी हिला सम्राटाची राणी म्हणून राजवाड्यात धाडताना तिच्याबरोबर द्यायच्या पडद्यासाठी बड्या बड्या सरदारांकडून कविता मागवल्या. नावाजलेला कवी किंतो यानं दिली, पदत्याग केलेल्या सम्राट काझाननंही दिली. सानेसुकेनं वारंवार निरोप येऊनही दिली नाही. एका मंत्र्याच्या सांगण्यावरून वरिष्ठ दरबाऱ्यांनी कविता करून द्यायच्या, हे त्याला रीतीला सोडून वाटलं. म्हणजे कविता देणं हीसुद्धा मुजऱ्याची एक तऱ्हा होती, आणि हे त्या काळातल्या माणसालाच स्पष्ट दिसत होतं.

याच्या शेजारी १०१८ सालची रात्र ठेव. मिचिनागाची तिसरी लेक सम्राज्ञी झाली, त्याची मेजवानी चाललेली. मिचिनागा सानेसुकेला म्हणाला, मी एक कविता म्हणतो, तू उत्तर द्यायलाच हवं. कविता अशी की हे जग माझंच आहे असं वाटतं, पौर्णिमेच्या चंद्रासारखं, कुठेच उणं नाही. याला काय उत्तर देणार? सानेसुके म्हणाला, इतक्या सुंदर कवितेला जोड देणं शक्य नाही, आपण सगळे मिळून तीच म्हणू या. चिनी कवी बाइ जुयीचा दाखलाही त्यानं दिला. सगळ्यांनी ती पुन्हा पुन्हा म्हटली, मिचिनागा खूश, आणि सानेसुकेला एक ओळही लिहावी लागली नाही! गंमत म्हणजे मिचिनागाच्या स्वतःच्या रोजनिशीत आपण कविता म्हटल्याची नोंद आहे, कविता नाही. आज ती सापडते ती सानेसुकेनं टिपून ठेवली म्हणून.

आता पुढच्या पिढ्यांतला कवी तेइका. तुझ्या खर्ड्यात तो कधी बाणेदार कलावंत, कधी लाचार दरबारी होतो. दोन्ही रंग जरा पुसट कर. तो दरबारातच वाढलेला, तापट माणूस. ११८५ साली राजवाड्यातल्या सणाच्या वेळी एका तरुण सरदारानं चिडवलं म्हणून त्यानं जळती मशालकाडी त्याला मारली, आणि प्रवेशाच्या यादीतून त्याचं नाव कापलं गेलं. वडील शुन्झेई यांनी ढगांत वाट चुकलेल्या करकोच्याची कविता वर पाठवून त्याला परत आत आणलं. पुढे १२०० साली पदत्याग केलेला सम्राट गो-तोबा यानं निवडक कवींकडून शंभर-शंभर कविता मागवल्या, तेव्हा यादीत तेइकाचं नाव नव्हतं. त्याच्या मते हे रोकुजो या प्रतिस्पर्धी कविघराण्याचं कारस्थान. पुन्हा शुन्झेईच धावले. ऐंशी ओलांडलेल्या त्या वृद्धानं गो-तोबाला पत्र लिहिलं आणि नाव आलं.

इथे घाई करू नकोस, कारण त्या शंभर कविताच तुझ्या सगळ्या लेखाचा कणा होऊ शकतात. त्यांत एक करकोच्याची आहे: तुमच्या राज्यात मी धुकं भेदून वर आलो, आता पुन्हा दलदलीत रडत बसू का? हा उघड अर्ज आहे. वडिलांच्या जुन्या कवितेची आठवण करून देणारा, आणि मंजूरही झालेला. आतला प्रवेश त्याला लवकरच मिळाला. त्याच शंभरांत ती दुसरीही आहे: घोडा थांबवून बाहीवरचं बर्फ झटकावं तर आडोसाही नाही, सानोच्या नदीउतारापाशी बर्फाळ संध्याकाळ. हिच्यात कसलीही मागणी नाही. एकाच माणसानं, एकाच धन्यासाठी, एकाच गठ्ठ्यात दोन्ही दिल्या. ‘आश्रयानं कविता बिघडते का’ हा तुझा तिसऱ्या भागातला प्रश्न या दोन कविता शेजारी ठेवूनच विचार. नुसता विचारशील तर निबंधस्पर्धेसारखा वाटेल.

गो-तोबाला निव्वळ आश्रयदाता समजू नकोस. १२०१ साली त्यानं कविताकचेरी पुन्हा उघडली, संपादक नेमले, आणि मग स्वतःच संपादनात उतरला. १२०५ मध्ये तो नवा संग्रह, ‘शिनकोकिनशू’, पूर्ण झाल्याची मेजवानी झाली. अशा मेजवानीला पूर्वीचा दाखला नाही म्हणून तेइका गेलाच नाही. त्यानंतरही गो-तोबा कविता काढत-घालत राहिला, आणि तेइका आपल्या ‘मेइगेत्सुकी’ या रोजनिशीत चरफडत राहिला. मला विचारशील तर धनी अडाणी असता तर तेइकाचं बरं चाललं असतं. धन्यालाही कविता कळते, हीच त्याची अडचण होती.

१२२० साली एका कवितेवरून गो-तोबाची मर्जी गेली आणि तेइकाला बैठकांची बंदी झाली. पुढच्याच वर्षी गो-तोबा कामाकुराच्या लष्करी सत्तेशी लढून हरला आणि ओकी बेटावर हद्दपार झाला. तिथेही तो ‘शिनकोकिनशू’तून कविता गाळत बसला होता. इकडे १२३५ साली पूर्ण झालेल्या नव्या संग्रहाचा संपादक तेइका, आणि त्यात गो-तोबाची एकही कविता नाही. वगळण्याचा आग्रह वरून, कुजो मिचिइए या बड्या सरदाराकडून आला होता. तेइकावर निकाल देण्याआधी हे तपशील मांड, निकाल वाचकावर सोड.

राहिली आबुत्सु. तिला तू तळटीपेत टाकलंस, ते मला पटलं नाही. तेइकाच्या मुलाची ही धाकटी पत्नी. नवऱ्यामागे होसोकावाच्या जमिनीवरून सावत्र मुलाशी तंटा झाला, तेव्हा १२७९ साली ती क्योतोहून कामाकुराला दावा चालवायला गेली. निकाल तिच्या बाजूनं लागला तो तिच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी. तिच्या मुलाकडून चाललेलं रेइझेई घराणं आणि त्यांचा ग्रंथसंग्रह आजही क्योतोत आहे. जमिनीच्या उत्पन्नावर कवितेची गादी कशी टिकायची हे दाखवायला याहून चांगलं प्रकरण नाही. तिला स्वतंत्र भाग दे. जागा लागेल तर तो ‘गेंजी’ या प्रसिद्ध हेइआन कादंबरीवरचा उतारा काढ, तो सगळेच लिहितात.

दुसरा खर्डा पाठवताना नावांचे उच्चार एकदा नीट तपास. ‘शुन्झेई’ तू तीन तऱ्हांनी लिहिलं आहेस.

तुझा,
सर