दोन डॉकर कंटेनर लिंक करूनही ग्रेम्लिन कन्सोल जॅनसग्राफच्या सर्व्हरला का जोडला जात नाही?

आपला जॅनसग्राफचा (ग्राफ डेटाबेसचा) सर्व्हर एका कंटेनरमध्ये, म्हणजे डॉकरच्या स्वतंत्र बंदिस्त डब्यात, सुरळीत चालू आहे, क्वेरी लिहिण्याचा ग्रेम्लिन कन्सोल दुसऱ्यात आहे, दोन्ही ‘लिंक’ने जोडलेले आहेत आणि तरीही पहिल्याच क्वेरीला जोडणी नाकारली जाते, असे आपण लिहिले आहे. कारण बहुधा पत्त्यात आहे. कन्सोल ज्या रिमोट.यामल फाइलवरून सर्व्हर शोधतो, तिच्यात मुळात लोकलहोस्ट (‘हेच यंत्र’ अशा अर्थाचा पत्ता) लिहिलेले असते, आणि कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतःच. रिमोट कनेक्टची आज्ञा दिल्यावर १२७.०.०.१:८१८२ असा पत्ता दिसत असेल, तर निदान तिथेच झाले.

जॅनसग्राफच्या अधिकृत इमेजमध्ये (कंटेनर ज्यावरून तयार होतो त्या साच्यात) यासाठी ‘ग्रेम्लिन रिमोट होस्ट्स’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे बाहेरून देता येणारी सेटिंग, दिलेले आहे (मोठी रोमन अक्षरे, मध्ये अंडरस्कोर). कन्सोलचा कंटेनर सुरू करताना त्यात सर्व्हरच्या कंटेनरचे नाव द्यावे.

तसे पाहता ‘लिंक’ हा पर्याय डॉकरने केव्हाच जुना ठरवला आहे, त्यामुळे नव्या कामात तो वापरू नये असे माझे मत आहे. स्वतःचे नेटवर्क तयार करून दोन्ही कंटेनर त्यावर ठेवले की ते एकमेकांना नावाने सापडतात. डॉकरच्या आयत्या नेटवर्कवर, म्हणजे डीफॉल्ट ब्रिजवर, ही सोय नसते. दोन कंटेनरांमधल्या बोलण्यासाठी ८१८२ पोर्ट पब्लिश करण्याचीही (बाहेरच्या यंत्रासाठी खुले करण्याचीही) गरज नाही. अनेक कंटेनर एका फाइलवरून चालवणारे डॉकरचे कंपोज वापरल्यास नेटवर्क आपोआप तयार होते आणि सर्व्हिसचे नाव हाच पत्ता ठरतो. मात्र कन्सोल ‘अप’ने न उघडता ‘रन’ने उघडावा, कारण त्याला कीबोर्ड जोडलेला लागतो.

जोडणी झाल्यावर आणखी एक अडचण हमखास येते. सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या सौद्यांचा ग्राफ आम्ही असाच चालवतो. शेतकरी, अडत्या आणि खरेदीदार हे व्हर्टेक्स (ग्राफमधले बिंदू) आहेत, आणि सौद्यात तिघेही गुंतलेले असल्याने सौदा हाही एज (दोनच बिंदू जोडणारी रेषा) न ठेवता व्हर्टेक्सच केला आहे. अशा ग्राफवर आपण क्वेरी लिहिली, पण आधी कोलन आणि मोठेपणाचे चिन्ह (:>) घातले नाही, तर ती सर्व्हरकडे न जाता कन्सोलमध्येच चालते आणि ‘जी’ (ज्या नावाने क्वेरी सुरू होते ते) नावाचे काही नाही असे उत्तर मिळते. ‘रिमोट कन्सोल’ ही आज्ञा एकदा दिली की प्रत्येक ओळ सर्व्हरकडे जाते. तरीही एका ओळीत व्हेरिएबलमध्ये धरलेला अडत्या पुढच्या ओळीत सापडत नाही, कारण प्रत्येक विनंती स्वतंत्र असते. तो टिकवायचा असेल, तर रिमोट कनेक्टच्या आज्ञेच्या शेवटी ‘सेशन’ हा शब्द जोडावा.