'फ्रीडम'मधला 'डम' आणि 'डूम' : एकच का?

प्रश्न असा आला आहे : 'डूम' म्हणजे सर्वनाश. मग 'फ्रीडम', 'विज्डम', 'किंग्डम' अशा भल्या शब्दांच्या शेवटी येणारा 'डम' तोच कसा असेल?

तोच आहे. मूळ शब्दाला सर्वनाशाचा वाससुद्धा नव्हता.

जुन्या इंग्रजीत 'ओ' लांबवून 'डोम' असा उच्चार होता. ठेवणे, घालून देणे अशा अर्थाच्या धातूपासून तो निघाला, म्हणून 'घालून दिलेला नियम', कायदा, निवाडा हे त्याचे मुख्य अर्थ. नवव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या वेसेक्स राज्याच्या आल्फ्रेड राजाने जी कायद्यांची पोथी सिद्ध केली, ती 'डोमबोक'. लोकांनी माणसाबद्दल केलेला निवाडा म्हणजे त्याची कीर्ती. त्यामुळे जुन्या वीरकाव्यात मरणाआधी 'डोम' मिळवावा, असंही म्हटलेलं सापडतं!

गाडी उताराला लागली ती १०६६ नंतर, फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकल्यावर. नॉर्मन राज्यकर्त्यांबरोबर जजमेंट, जस्टिस, कोर्ट हे फ्रेंच वळणाचे शब्द आले आणि 'डूम' हळूहळू न्यायालयाबाहेर पडला. उरला तो मुख्यतः 'डूम्सडे'त, म्हणजे देवाच्या अखेरच्या निवाड्याच्या दिवसात. तिथून शिक्षा, मग वाईट नशीब, मग विनाश. विल्यमने १०८६ मध्ये करवलेल्या जमीन-पाहणीच्या दफ्तरात कोणाची किती जमीन, किती नांगर, किती पाणचक्क्या, सगळं उतरवलेलं होतं. त्यावर अपील नाही, म्हणून लोकांनी त्याला 'डूम्सडे बुक' म्हटलं.

उच्चाराचं म्हणाल तर स्वतंत्र शब्दातला दीर्घ 'ओ' पुढे 'ऊ' झाला. प्रत्ययात मात्र आघात नसल्याने तो आखडून 'डम' राहिला. प्रत्यय म्हणून अर्थ झाला अधिकार, दर्जा, अवस्था. तो अजून जिवंत आहे : स्टारडम, फॅनडम.

याच घरातलं क्रियापद म्हणजे 'डीम', निवाडा करणे, मानणे. 'फूड'-'फीड', 'ब्लड'-'ब्लीड' या जोड्यांत जो स्वरबदल आहे, तोच इथे. आपल्याकडे 'डीम्ड युनिव्हर्सिटी'त तो रोज भेटतो. आपण तिला अभिमत विद्यापीठ म्हणतो, आणि 'अभिमत' हा प्रतिशब्द मला फार नेमका वाटतो. आइल ऑफ मॅन बेटावर तर न्यायाधीशाला आजही 'डीमस्टर' म्हणतात. त्याची शपथ ऐकण्यासारखी आहे : हेरिंग माशाचा कणा जसा बरोबर मधोमध असतो, तसा दोन्ही पक्षांमध्ये समतोल राखून मी न्याय करीन.

आता आपल्याला जवळची गोष्ट. संस्कृत 'ध'च्या जागी इंग्रजीत 'ड' येणं नियमाला धरून आहे. 'विधवा' आणि 'विडो' पाहा. 'डूम'च्या मुळाशी असलेला धातू म्हणजे आपला 'धा', ज्यातून विधी, विधान, निधान आले. 'धामन्' त्यातलाच, आणि ऋग्वेदात त्याचा अर्थ निवासस्थान तसाच नियमही होतो. इंग्रजीतलं साधं 'डू' हे क्रियापदही याच धातूचं.

मात्र दिसायला सारखे म्हणून सगळे एका माळेत ओवू नका. 'डोमेन', 'डॉमिनेट' आणि घुमटाचा 'डोम' लॅटिनकडून आले. 'रँडम' जुन्या फ्रेंचमधला, धावण्याच्या वेगाशी जोडलेला. 'सेल्डम' अस्सल इंग्रजी आहे खरा, पण त्यातला 'डम' हा प्रत्यय नव्हेच.