आर्ट फिल्म ओळखायची कशावरून?

प्रश्न : संथ, कृष्णधवल आणि शेवट न कळणारा सिनेमा म्हणजे आर्ट फिल्म, असं आमच्या मित्रमंडळींत ठरलं आहे. बरोबर आहे का?

उत्तर : कृष्णधवल आधी बाद करा. हिचकॉकचा ‘सायको’ (१९६०) कृष्णधवल आहे. उलट इटालियन दिग्दर्शक आंतोनियोनीने ‘रेड डेझर्ट’ (१९६४) मध्ये हवा तो रंग मिळावा म्हणून झाडं आणि गवतही रंगवून घेतलं होतं.

खरा फरक प्रसंग एकमेकांना कसे जोडलेत यात असतो. नेहमीच्या कथापटात पात्राला काहीतरी हवं असतं, त्याच्या आड काहीतरी येतं आणि त्यातूनच पुढचा प्रसंग निघतो. आर्ट फिल्ममध्ये ही साखळी मुद्दाम सैल ठेवलेली असते. आंतोनियोनीचाच ‘लाव्हेंतुरा’ही १९६० चा. तो ‘सायको’च्या शेजारी ठेवून बघा. (‘सायको’ अजून पाहिला नसेल, तर हा परिच्छेद सोडा.) दोन्हींत नायिका वाटणारी बाई पूर्वार्धातच नाहीशी होते. दोन्हींत तिचा प्रियकर आणि तिच्या जवळची दुसरी बाई, एकीकडे बहीण तर दुसरीकडे मैत्रीण, शोधाला निघतात. ‘सायको’त छडा लागतो, वर मानसोपचारतज्ज्ञ सगळा उलगडा करून सांगतो. ‘लाव्हेंतुरा’त नाहीशी झालेली ॲना सापडतच नाही. शोधणारे दोघं एकमेकांत गुंततात आणि शोध हळूहळू विरून जातो. ‘ती कुठे गेली?’ हा प्रश्न मागे पडून ‘ही माणसं इतक्या लवकर विसरतात कशी?’ हा पुढे येतो. कान चित्रपट महोत्सवातल्या प्रेक्षकांनी ‘लाव्हेंतुरा’ची हुर्यो उडवली होती, आणि ज्यूरी पुरस्कारही त्याला तिथेच मिळाला.

प्रश्न : संथपणा मोजता येतो का?

उत्तर : येतो. सिनेमाच्या मधली १० मिनिटं घ्या. सुरुवात नको, तिथे नामावली असते. प्रत्येक कटला, म्हणजे एक शॉट संपून दुसरा सुरू होतो तिथे, कागदावर एक रेघ ओढा आणि ६०० सेकंदांना शॉटच्या संख्येने भागा. कॅमेरा नुसता वळला किंवा पुढे सरकला तर तो कट नव्हे. नवशिक्यांची मोजणी बहुधा इथेच चुकते. संवादात या चेहऱ्यावरून त्या चेहऱ्यावर उडी मारली, की ती मात्र दर वेळी धरायची.

१९३० ते १९६० च्या बहुतेक हॉलीवूडपटांत ही सरासरी ८ ते ११ सेकंद होती. १९९० च्या दशकाअखेरीस ती ३ ते ६ वर आली. हंगेरियन दिग्दर्शक बेला तारच्या ‘द टुरिन हॉर्स’मध्ये (२०११) जवळजवळ अडीच तासांत सुमारे ३० शॉट आहेत, म्हणजे एकेक शॉट पाच मिनिटांच्या आसपास.

पण नुसत्या आकड्यावर निकाल देऊ नका. त्या वेळात काय घडतं ते पाहा. दे सिकाच्या ‘उम्बेर्तो डी.’त (१९५२) मोलकरीण पहाटे उठते, चूल पेटवते, कॉफी दळते, बसल्याबसल्या पाय लांबवून दार ढकलते. कथानक तसूभर पुढे जात नाही, पण ती गरोदर आहे आणि एकटी आहे, हे तिच्या हालचालींतून पोचतं. दृश्य लांबलं आणि लांबल्यामुळे काहीच नवं दिसलं नाही, तर तो निव्वळ रटाळपणा. त्याला कलेची ढाल देण्याचं कारण नाही.

प्रश्न : कमी पैशात केलेला सिनेमा तो आर्ट, असं धरावं का?

उत्तर : नाही. जाक तातीने ‘प्लेटाइम’साठी (१९६७) अख्ख्या शहराचा सेट उभारला आणि त्यात तो कर्जबाजारी झाला.

प्रश्न : शेवट अधांतरी सोडणं ही दिग्दर्शकाची पळवाट नसते का?

उत्तर : कधी कधी असते. सिनेमा संपल्यावर त्याचा पहिला अर्धा तास पुन्हा बघा. अनिश्चितता तिथूनच पेरलेली असेल तर शेवट प्रामाणिक आहे. ‘राशोमोन’मध्ये (१९५०) एकाच घटनेच्या चार हकिकती जुळत नाहीत आणि सगळी रचनाच त्या विसंगतीवर उभी आहे. याउलट दोन तास एकाच उत्तराची वाट पाहायला लावून शेवटच्या मिनिटाला पडदा काळा केला असेल, तर फसवणूकच समजा.

आणि अधांतरी शेवट असायलाच हवा असंही नाही. ‘बायसिकल थीव्ज’मध्ये (१९४८) सायकल मिळत नाही, बाप स्वतः चोरी करताना मुलासमोर पकडला जातो, मालक त्याला सोडून देतो. यात न कळण्यासारखं काहीच नाही. फक्त उद्या पोट कसं भरणार, ते सिनेमा सांगत नाही.