आधी डेबियन टाक, एआयएक्सचं नंतर बघू

ऐरोली-महाप्यात नोकरी हवी म्हणून थेट एआयएक्स (आयबीएमची युनिक्स ऑपरेटिंग सिस्टिम) शिकायचं, हा हट्ट सोड. ते आयबीएमच्या पॉवर प्रोसेसरवरच चालतं, तुझ्या लॅपटॉपवर चढणारच नाही.

दुसरं, फुकटचं म्हणजे हलकं असं काही नसतं. डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) आणि फ्रीबीएसडी (युनिक्सच्या घराण्यातली) या दोन्ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम १९९३ पासून आहेत. कंपन्या पैसे मोजतात ते मुख्यतः सपोर्टसाठी: रात्री दोनला सर्व्हर बसला की पलीकडे फोन उचलणारं कुणीतरी हवं. शिवाय काही महागडी सॉफ्टवेअर ठरावीक सिस्टिमवरच चालतील अशी अट असते. तुझ्या घरी यातलं काय आहे? मग खिसा कशाला हलका करतोस!

सध्या एवढंच कर:

- जुन्या लॅपटॉपवर डेबियन टाक. ४ जीबी रॅम असली तरी शिकायला पुरते.
- नोकरीच्या जाहिरातीत रेड हॅट (कंपन्या पैसे मोजून घेतात ते लिनक्स) दिसलं म्हणून घाबरू नकोस. एकट्याने शिकणाऱ्याला त्यांचं डेव्हलपर सबस्क्रिप्शन फुकट मिळतं, १६ मशीनपर्यंत.
- दर रविवारी नवं डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा नवा प्रकार, टाकत बसू नकोस. सगळे हेच करतात आणि शेवटी वॉलपेपर बदलण्यापलीकडे काही शिकत नाहीत.

आणि रोजचं काम रूटने, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याने, करू नकोस. कळव्याच्या खोलीत मी तेच करायचो. फाइल पुसणाऱ्या आरएम कमांडमध्ये एक स्पेस जास्त पडली, अख्खं होम फोल्डर साफ. ताईच्या लग्नाचे फोटो त्यातच होते. बॅकअप? कसला बॅकअप!

फ्रीबीएसडीचं सहा महिन्यांनी विचार.